काशीत सोडलेला पेरू

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

२ जुलै, मंगळवार

स. अंबाबाईला गेले होते. परतताना फुलवालीपाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. तिच्याच पाटावर बसले. तिनं पाणी पाजलं, ह्यांना फोन लावला. हे छत्री न उघडताच आले, तोंड मात्र लांबूनच उघडलेलं. तसंच दवाखान्यात नेलं.

डॉ. बाई नवीन आहे, नातीच्या वयाची. बी.पी. वाढलेलं, साखर काठावर, पोटाचं रडगाणं तर जुनंच. विचारलं, "आजी, फळ खाता का रोज?" मी म्हटलं, खाते की. हे लगेच मध्ये, "कुठलं खाती? एकादशीला निम्मं केळ." डॉ. म्हणाली, ह्या वयात जेवण कमी होतं, दात कमी होतात, पोटात चोथा जातच नाही. रोज एक फळ खायचं. रस काढायचा नाही, आख्खं चावून खायचं. बोटभर प्रसाद हिशेबात धरायचा नाही. कागदावर नावं लिहून दिली. पहिलंच नाव पेरू.

हे हसायला लागले. "तेवढा सोडून काहीबी सांगा, डॉक्टर. हिनं पेरू काशीत सोडलाय."

डॉ.चं पेन थांबलं. "कायमचा?"

म्हटलं, काशीत सोडलेलं कायमचंच असतं. मग ती म्हणाली, "पपई, मोसंबी, मिळेल ते खा. पण तुमच्या पोटाला आणि साखरेला पेरू फार बरा पडला असता, एवढं सांगणं माझं काम." तीन महिन्यांनी बोलावलंय. तोवर फरक पडला नाही तर गोळी वाढणार. आणि देवळात एकटीनं जायचं नाही. हा डॉ.चा नव्हे, ह्यांचा हुकूम.

इतकी वर्षं बाजारात पेरूच्या ढिगाशेजारून जाताना मान दुसरीकडं वळायची ती आपोआप. आज नुसतं कागदावर नाव बघितलं आणि तोंडाला पाणी सुटलं. घरी येऊन देवापुढं कान धरले.

३ जुलै, बुधवार

आज पपई आणली. आख्खं फळ एकटीनं खाल्लंय असं कधी झालंय का, ते आठवत बसले. लग्नानंतर तरी नाही. घरात फळ यायचं ते देवाला, नाहीतर आजाऱ्याला, नाहीतर ओटीत. ओटीतलं दुसरीच्या ओटीत जायचं. चिरलं तर आधी सगळ्यांच्या वाट्या, मग माझ्याकडं साल आणि बी. आंब्याची कोय माझी, हे तर ठरलेलंच. कुणी ठरवलं नव्हतं. मीच.

ताटलीत सहा फोडी घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. कुणी दारातून डोकावेल म्हणून पदराआड धरल्या. हे समोर पेपर घेऊन. "खा. सगळ्या खातीस का न्हाईस ते बघायला बसलोय."

म्हटलं, तुम्ही दोन घ्या. "मला साखर न्हाय, अंधारी न्हाय, मी कशाला घेऊ?" आणि पेपर वर केला. चार खाल्ल्या. दोन झाकून ठेवल्या. दु. त्याही खाल्ल्या.

७ जुलै, रविवार

संजूचा नाशकाहून फोन, नेहमीप्रमाणं अकराला. दोघं नवरा-बायको मजेत. चक्कर आल्याचं ह्यांनी सांगून टाकलं. मी सांगणार नव्हते. संजू म्हणाला, "आई, डॉक्टर सांगतील ते सगळं खायचं." मी म्हटलं, सगळं नाही बाबा. त्याला ठाऊक आहे.

फोन ठेवल्यावर काशीच डोक्यात. संजू पाच वर्षांचा होता. थंडी सुरू झाली की त्याच्या छातीत घरघर. बरगड्या आत ओढायचा, ओठ निळसर. इंजेक्शनं झाली, गंडेदोरे झाले. मग सासूबाई म्हणाल्या, काशीला जाऊ. त्यांना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो. वारणानगरातल्या आमच्या तेव्हाच्या कॉलनीतून दहा-बारा बायका निघाल्या होत्या, त्यांच्यात आम्ही तिघी. आत्याबाई, गडमुडशिंगीच्या माझ्या थोरल्या जाऊ म्हणजे अक्का, आणि मी.

घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ. गुरुजी घाईत, मागं रांग. कोण काय सोडणार, असं त्यांनी विचारलं. परक्या पुरुषासमोर सुनांनी बोलायचं नाही, म्हणून आत्याबाईच तिघींचं बोलल्या. एका दमात. "एक पेरू, एक दोडका, एक चाकवत." पेरू म्हणताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. चाकवत म्हणताना त्यांनी अक्काकडं मान केली. ओंजळीतलं पाणी मी गंगेत सोडलं. माझा जीव होता पेरूवर. आत्याबाईंना ते ठाऊक होतं. आवडीचंच सोडायचं असतं.

त्या थंडीत संजूची छाती वाजली नाही. पुढच्याही नाही. मग कधीच नाही.

१८ जुलै, गुरुवार

पाऊस, घरातच. आज मोसंबी. बिया चावल्या गेल्या, कडू.

वारणानगरच्या क्वार्टरमागं आमचं पेरूचं झाड होतं. हे साखर कारखान्यात फिटर. गळीत सुरू झालं की सगळ्या कॉलनीला मळीचा वास, आणि त्याच दिवसांत आमचा पेरू पिकायचा. आतून गुलाबी. पुढच्या दारानं मळी, मागच्या दारानं पेरू, मध्ये मी चुलीपाशी. काशीहून आले ती नेमकी त्याच दिवसांत. झाड लगडलेलं. टोपली भरून काढायचे आणि दारोदार वाटून यायचे. बायका म्हणायच्या, सुमनबाईंचा हात किती सढळ. सढळ कसला. घरात ठेवला असता तर…

हे निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. त्या दिवशी झाडाला हळदकुंकू लावलं. हे ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवायला लावत होते.

५ ऑगस्ट, सोमवार

आज माझी चोरी पकडली गेली.

महिनाभर रोजचं फळ मी आधी देवापुढं ठेवत होते. देवाला न दाखवता तोंडात घालायची सवयच नाही. देवाला दाखवलं की तो प्रसाद. प्रसाद एकटीनं कसा खायचा? शेजारच्या काकूंना फोड, त्यांच्या सुनेला फोड, फुलवाली आली तर तिला. मला शेवटी दोन. हे आज गच्चीवरून उतरताना काकूंना म्हणाले, "काय, रोज प्रसाद मिळतोय का?" त्या म्हणाल्या, "मिळतोय की. सुमनबाईंनी कसलं व्रत धरलंय?"

आत येऊन ओरडले नाहीत, हेच वाईट. खुर्ची ओढून समोर बसले. "गोळी खातीस तिला नैवेद्य दाखवतीस काय?"

म्हटलं, नाही.

"मग हे बी औषधच की. डॉक्टर तुझं बी.पी. बघत हुती, आख्ख्या बोळाचं न्हाय."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "फुलवालीचा फोन आला तवा मी चप्पल एका पायात घालून निघालो हुतो. ठाव हाय का तुला?" ठाऊक नव्हतं. चपलांकडं मी बघितलंच नव्हतं.

ठरलं. देवाला एक केळ वेगळं. माझं फळ मी हात जोडून खायचं, ताटली देव्हाऱ्यापासून लांब.

२१ ऑगस्ट, बुधवार

पो. सा. (पोट साफ. रोज कुठं तेवढं लिहायचं, म्हणून आता हे असं.) सलग नववा दिवस. इसबगोलचा डबा आठवडाभर उघडलेला नाही. पपई सकाळी जेवणाआधी खाल्ली तर बरं पडतं, जेवणावर खाल्ली तर जड. अर्धं केळ चालतं. सफरचंद मला मानवत नाही, आणखी घट्ट होतं. डाळिंब सोलायला आवडतं, खायला दातात अडकतं. सकाळी उठताना पाय ओढल्यासारखे वाटायचे तेही जरा कमी. फळानं का रोजच्या फिरण्यानं, देव जाणे. हे बोळाच्या टोकापर्यंत सोबत चालतात, दोन पावलं मागं. पडले तर झेलणार म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

२९ ऑगस्ट, गुरुवार

बाजारात पेरू आले. ढीग दिसायच्या आधी वास आला. पपईवाली शेवंता वजन करत होती. माझं लक्ष नाही बघून तिनं शेजारच्या टोपलीतला एक उचलला आणि सरळ माझ्या हातात ठेवला. "घ्या आज्जी, गाभुळलेला हाय. पैसं नगं."

हातात घेतला. वरून खडबडीत, देठापाशी पिवळा. अंगठ्यानं दाबला, किंचित आत गेला. असा दाबून बघायचा, हे अंगठ्याला अजून आठवत होतं. किती वेळ धरला ठाऊक नाही. शेवंता म्हणाली, "काय झालं?" परत ठेवला आणि पपई तिथंच विसरून आले.

सं. संजूला मीच फोन लावला. रविवार नसताना. बोलता बोलता तो खोकला. दोनदा.

मी नुसता हातात घेतला होता.

१ सप्टेंबर, रविवार

खोकला अजून आहे. "आई, पाऊस हाय, सर्दी झालीय, सगळ्या ऑफिसला झालीय." सुनेला फोन द्यायला लावला. तिला विचारलं, छाती वाजते का? कान लावून बघ. ती हसली. मग म्हणाली, "बघते आई." चांगली आहे पोर.

ह्यांना पेरूचं सांगितलं. सांगायला नको होतं. "तू कोल्हापुरात पेरूला हात लावलास म्हणून नाशकात त्यो खोकला? मग तिथल्या सगळ्या ऑफिसच्या आया बाजारात गेल्त्या व्हय?"

पण ती घरघर ह्यांनी ऐकलीये, मीही ऐकलीये. फरक एवढाच की हे पाळीवर जायचे आणि मी त्याला मांडीवर बसता धरून असायचे.

११ सप्टेंबर, बुधवार

संजूचा खोकला गेला. अंबाबाईला ओटी.

पो. सा. चिक्कू एक. साखरेला बरा नाही म्हणे, पण एकच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नवरात्र. आज एकटी गेले. ह्यांना सांगून, पण एकटी. गर्दीमुळं लांबूनच दर्शन. रांगेत दीड तास उभी होते. अंधारी नाही, कुठं टेकले नाही. फुलवाली म्हणाली, "आज्जी, टवटवीत झालासा की." तिच्या पाटावर मुद्दाम बसले नाही.

बोळाच्या तोंडाशी हे उभे. म्हणाले, दूध आणायला आलोय. हातात पिशवी नव्हती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

डॉ.कडं. बी.पी. जवळजवळ जागेवर, साखरही काठावरून मागं. गोळी वाढवली नाही, आहे तीच. "फळानं केलं का?" ह्यांनी विचारलं. डॉ. म्हणाली, एकट्या फळानं नाही हो. गोळी वेळेवर, चालणं, मीठ कमी, त्यात फळ. पण पोटाचं श्रेय फळाला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, पेरूवाचून तुमचं काही अडलं नाही. आता काळजी करू नका."

किती चांगली बातमी. घरी आले ती सरळ देव्हाऱ्यापाशी गेले.

मनातलं लिहिते. तीन महिने तो कागद देव्हाऱ्याच्या फळीत होता. वर पहिलं नाव पेरू. मला वाटायचं, आज ना उद्या डॉ. म्हणेल, आता खावाच लागेल, इलाज नाही. मग मी देवाला म्हणणार होते, बघ, जिवावर बेतलं म्हणून. औषध म्हणून खाणं सोपं होतं. आता औषधही नको झालं. आता उरली ती नुसती आवड.

कागद काढून घडी केली आणि ह्या वहीत ठेवला.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. संजू काल आला, एकटाच. सुनेला सुट्टी नाही. दु. बाजारातून येताना पेरू खात खात आला. तिखटमीठ लावलेला. मला बघून पाठीमागं लपवला. त्रेचाळीस वर्षांचा घोडा. म्हटलं, खा की, मी काय राक्षस आहे?

उंबऱ्यावर बसून खाल्ला. मग म्हणाला, "आई, एक बोलू? लहान पोरांचा दमा वाढत्या वयात पुष्कळदा आपोआप जातो. माझाही तसाच गेला असंल."

मी म्हटलं, असेल.

"असेल म्हणतीस आणि ऐकत न्हाईस. माझी छाती माझ्याजवळ राहू दे की. तू किती वर्षं उचलून धरणार?"

त्याच्या हाताला पेरूचा वास. लहानपणी क्वार्टरच्या मागून असाच यायचा, सदऱ्याच्या पुढच्या झोळीत पेरू. त्याचे हात धुताना मी जरा जास्तच वेळ धुवायचे. आज हात धुवायला तो स्वतःच उठला.

तो आत गेल्यावर ह्यांनी एक सांगितलं. इथं मंगळवार पेठेत आल्यापासून ते पेरू बाहेरच खातात. गाडीपाशी उभं राहून. खाऊन चूळ भरतात, मग घरी. म्हटलं, मला ठाऊक आहे. मिशीला मीठ असतं.

१० नोव्हेंबर, रविवार

अक्कांना फराळ द्यायला गडमुडशिंगीला गेलो. मी आणि हे, बसनं. अक्का अठ्ठ्याहत्तरच्या. गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. परड्यात त्यांचं पेरूचं झाड. आमच्या वारणानगरच्या पेरूचं बी त्यांनी लावलं होतं. तेच पान, तेच गुलाबी फळ. अक्कांनी सुनेकरवी ताटलीत चिरून आणला. माझ्यापुढं सरकवला.

म्हटलं, अक्का, विसरला का? काशीत सोडलाय मी.

"तू? तू पेरू कवा सोडलास?"

हे म्हणाले, "झालं. ह्या बी गेल्या."

अक्का त्यांच्यावरच उखडल्या. "माझं टकुरं ठिकाणावर हाय, भावजी. हिचा दोडका हुता. पेरू आत्याबाईंनी सोडला. सोताचा. नातवासाठी सोताचा सोडतील का सुनंचा?"

म्हटलं, अहो, पेरू म्हणताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"असणारच की. शेवाळ किती हुतं. पाय सटकला त्यांचा, म्हणून धरलं तुला. मी मागंच हुते न्हवं?"

म्हटलं, मग इतकी वर्षं का नाही बोललात?

"मला काय ठाव तू पेरू खात न्हाईस? कवा आलीस तर च्या पिऊन पळतीस. कारखान्यावर मी किती येळा आले? आत्याबाईंनी जे गंगेत सोडलं त्ये मी मनात ठिवलं, बोलून दाखवायचं नसतंय."

येताना पिशवीत पेरू घालत होत्या. घेतला नाही. बसमधून उतरताना हे फक्त म्हणाले, "दोडका." आणि त्यांना हसू आवरेना. मला रडू येत होतं. बसमधली माणसं बघत होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोडका. आठवड्यातून एकदा तरी करते. भाजी होते आणि वरच्या शिरांची चटणीही, तीळ घालून. काही वाया जात नाही म्हणून माझी लाडकी भाजी. अक्का खरं बोलत असतील तर किती वेळा मोडलं मी ते. आणि संजू तर ठणठणीत.

म्हणजे मोडून काही झालं नाही. किंवा पेरू पाळला म्हणून झालं नाही. किंवा…

अक्कांचं आठवणंही चुकीचं असेल. शेवाळ मलाही आठवतं. पण खांद्यावरचा हात अजून जाणवतो. तो धरायला होता का सांगायला?

आत्याबाईंनी पुढं पेरू खाल्ला का? नाही. पण मिश्रीनं त्यांचे दात तेव्हाच गेलेले, खाणार कशानं? दोडका खाल्ला का? त्यांनी सोडलाय समजून मी त्यांना कधी वाढलाच नाही. त्यांनीही कधी मागितला नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

भाजी निवडताना एकदम आठवलं.

काशीनंतर दोन-तीन वर्षांनी. क्वार्टरच्या मागच्या पायरीवर आत्याबाई बसलेल्या. झाडाखाली पडलेला एक पेरू त्यांनी उचलला, पदरानं पुसला, नाकाशी धरला. मग मला हाक मारली. "सुमन, घे. खा. पाडाला आलाय."

मी म्हटलं, आत्याबाई, असं काय करता? सोडलाय ना मी.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग अंगणात पळणाऱ्या संजूकडं बघितलं. पळून पळून लाल झालेला, आणि छाती शांत. परत माझ्याकडं. "बरं," म्हणाल्या. पेरू पायरीवर ठेवला.

मला वाटलं होतं, म्हाताऱ्या झाल्या, विसरल्या. आज वाटतं, त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं, सुनेनं आपला पेरू उचलला. आणि पोराची छाती शांत बघून त्यांनी तो माझ्याकडं राहू दिला. दोघींनी पाळला तर दुप्पट लागू पडेल, असं वाटलं असेल का? का बोलून दाखवलं तर गुण उतरेल, ही भीती? माझीच भीती त्यांनाही असेल. सासू म्हणून कडक होत्या. मी त्यांना भीत होते. त्याही कशाला तरी भीत असतील, हे ह्या वयात सुचतंय.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला. "आईला पेरू लई आवडायचा," म्हणाले. "मला आठवतंय. दात हुते तवा."

इतकं साधं. मी कधी विचारलंच नव्हतं.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. पाच फळं लागतात. दरवर्षी पेरू टाळून पाच करते. ह्या वर्षी शेवंतानं पाच बांधून दिली त्यात एक पेरू. काढला नाही. घटापुढं दिवसभर राहिला. दुपारभर घरात वास. पोथी वाचताना दोन ओळी गळल्या, पुन्हा वाचल्या.

सं. तो ह्यांना दिला. ह्यांनी चिरला नाही. खिडकीत ठेवला. झोपताना बघितलं तर दिसला नाही.

माझं फळ, संत्रं. पो. सा.

२६ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा गुरुवार. उद्यापन. सात सवाष्णींना हळदकुंकू आणि एकेक फळ. काकू म्हणाल्या, "सुमनबाई, तुमची तब्येत सुधारली बघा." सांगितलं त्यांना, रोज एक फळ खा, देवाला न दाखवता. त्यांचे डोळे मोठे झाले.

अक्कांचा मुलगा दुधाच्या गाडीबरोबर पिशवी देऊन गेला. चार पेरू, परड्यातल्या झाडाचे. निरोप: "अक्का म्हणत्यात, तुझा दोडका, माझा चाकवत. ह्यो आत्याबाईंचा. म्हातारी असती तर तुलाच दिला असता. टाकू नगं."

पिशवी टोपलीत रिकामी केली. रिकामी पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

२९ डिसेंबर, रविवार

तीन पेरू गेले. एक काकूंना, एक फुलवालीला, एक ह्यांनी खाल्ला. घरात, खुर्चीत बसून, चूळ न भरता.

चौथा पिकला. सकाळी अंबाबाईला गेले तेव्हा कौल लावावा असं मनात आलं. लावला नाही. देवीला काय विचारायचं? इतकी वर्षं मी कुणाचं व्रत पाळत होते, हे तिला ठाऊक असणार. आणि ती काही बोलली नाही, आत्याबाईंसारखीच.

साडेदहाला पेरू धुतला. चार फोडी केल्या. आतून गुलाबी. वासानं एकदम वारणानगर, मळी, मागची पायरी, ओल्या मातीत पडलेली फळं. मीठ घेतलं, डॉ. रागावेल म्हणून चिमटीपेक्षा कमी. ताटली देव्हाऱ्यापासून लांब. हे पेपर घेऊन समोर बसलेत. आज पेपर वर धरलाय, पण पान उलटत नाहीत.

"मी खाऊ नगो म्हणत न्हाय, खा बी म्हणत न्हाय," म्हणाले. "तुझं तू बघ. पण काळा पडायच्या आत बघ."

अकराला पाच मिनिटं कमी आहेत. संजूचा फोन येईल. नाशकात थंडी पडलीये म्हणे. आधी त्याचा आवाज ऐकते. नीट ऐकते. त्याला काही सांगणार नाही, विचारणारही नाही, नुसतं बोलायला लावणार, चार वाक्यं, दम न खाता.

वही बाजूला ठेवते. वाजला.